खालच्या फांदीची तार

मुग्धा आणि तेजस, मागे फोनवर तुम्ही विचारलं होतंत की माझ्या खिडकीतलं ते वीतभर चिंचेचं झाड मोठं का होत नाही, आणि ते केलं कोणी. ते पंचफुलाबाईंनी केलं. बुलढाण्यात माझ्या शाळेमागच्या गल्लीत त्या राहतात. त्यांची वैशाली माझ्याकडे इंग्रजी शिकली, म्हणून त्या मला अजून बाई म्हणतात. त्यांचे यजमान शेतातल्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतात. सगळी गल्ली त्यांना मिस्त्री म्हणते आणि पंचफुलाबाईही तेच म्हणतात. या उन्हाळ्यात त्यांच्या गच्चीवर कुंड्यांच्या मधे बसून मी हे ऐकलं आणि घरी येऊन लिहून काढलं. तुम्हाला वाचायला जड जाऊ नये म्हणून त्यांची बोली जरा सोपी केली आहे, पण शब्द त्यांचेच आहेत. मले म्हणजे मला, काऊन म्हणजे का, हाव म्हणजे हो, वावर म्हणजे शेत, ठुलं म्हणजे ठेवलं. एवढं लक्षात ठेवलंत की पुढे अडणार नाही. मोठ्याने वाचा, म्हणजे त्यांचा आवाज ऐकू येईल.

*

माहा जन्म देऊळघाटचा, बाई. इथून जवळच, पण आम्ही लहान होतो तवा बुलढाणा म्हणजे लय दूर वाटे, कारण माय भाजीची टोपली डोक्यावर घेऊन यायची आणि तिच्या मागं मागं मी. बाप दुसऱ्याच्या वावरात कामाले. मले शाळेची आवड होती, सातवीपर्यंत गेली, मंग पुढची शाळा नोको म्हणाले सगळे, लग्न करून देलं. आणि लग्न झालं तर कुठं, याच बुलढाण्यात. माय म्हणे चांगलं झालं, आता टोपली तुह्या घरी टेकवीन, पाणी पेईन, मंग बाजारात जाईन. आणि खरंच येत होती ती, मरेपर्यंत.

मिस्त्रीचं दुकान म्हणजे जळालेल्या मोटारीचा दवाखाना. इकडे पिंपळगाव राजापासून लोक मोटर घेऊन येत. रब्बीत लाइट कमी-जास्त झाली की मोटर जळते, मंग तिच्यातली जुनी तार उपसून फेकायची आणि नवी भरायची. ती जुनी तांब्याची तार भंगारात जाये. ध्यानात ठेवा हे, कारण माहं सगळं आयुष्य त्या भंगारातून निघालं. मिस्त्री अजून चिडवतात मले, म्हणतात मोटर माही जळाली आणि नाव तुहं झालं.

तर वैशाली लहान होती तवा मी एका डॉक्टरीण बाईच्या बंगल्यावर झाडाले पाणी घालाले जायची. स्वतः डॉक्टर नव्हत्या त्या, डॉक्टरची बायको, पण आम्ही डॉक्टरीण बाईच म्हणत होतो. त्यायले बोन्सायचा नाद. पुण्याले जाऊन शिकून आल्या होत्या. मले सुरुवातीले काही समजे नाही. एवढंसं वडाचं झाड, ताटलीत लावलेलं, आणि त्याच्या फांद्यायले तार गुंडाळलेली. मी म्हटलं बाई, याले काऊन बांधून ठेवलं, यानं काय केलं? भल्ल्या हसल्या. म्हणाल्या पंचफुला, हे बांधणं नाही, हे बोट धरणं आहे. फांदी कुठं जायचं ते शिकेपर्यंत बोट धरायचं, शिकली की सोडायचं. आणि त्यायची ती विकतची तार संपली तवा मीच म्हटलं, तार पाह्यजे का, आमच्या घरी ढीग पडला आहे.

ती तार तशी लावता येत नाही. मोटरीतली असते तवा कडक असते. तिले गवऱ्याच्या इस्तवात टाकाची, वरची लाख जळून जाते, तार लाल होते, मंग थंडी होऊ द्यायची. अशी थंडी झालेली तार इतकी नरम पडते की नवीन सुतासारखी बोटाभोवती फिरते. पण एकदा वळवली की ती पुन्हा कडक होते, बाई, तिथंच. म्हणून तिले परत उलगडता येत नाही. उलगडाले गेलं की फांदीची साल सोलून निघते, नाहीतर फांदीच मोडते. म्हणून तार काढायची म्हणजे कापून काढायची, एक एक आटा, म्हणजे वेढा, बारीक कटरनं, शेंड्याकडून बुडाकडे, आणि तुकडे खाली पडू द्यायचे. नवीन माणूस इथंच चुकतो. त्याले वाटते तार वाया गेली. जाऊ दे ना वाया, फांदी राह्यली पाह्यजे.

आणि येळ. येळेवर काढणं हेच सगळं काम आहे. चैत्रात नवीन पालवी आली की तार घालायची. मंग मिरग लागला, पेरण्या झाल्या, वावरात तण काढाले डवरे फिरू लागले की तार काढायची. आमच्या इकडे सगळी कामं त्याच हिशेबानं चालतात, झाडाचंही तसंच. त्या पावसात फांदी अशी फुगते की तिथून पुढं तार राह्यली तर ती सालीत घुसते. मंग वरून साल वाढते आणि तार आत जाते. नंतर काढली तरी वळ जात नाही, पिंपळ-वडाच्या सालीवर तर जन्मभर राह्यतो.

डॉक्टरीण बाईचा एक नियम होता. ज्या हातानं तार घातली त्याच हातानं काढायची. दुसऱ्यानं हात लावायचा नाही. कारण ज्यानं गुंडाळली त्यालेच मालूम असते कुठं आटा घट्ट आहे, कुठून फांदी जरा तडकली होती, कुठं कळी दाबली होती. आम्ही दोघीनं कधी एकमेकीच्या तारेले हात लावला नाही. त्या मुलाकडे राहाले गेल्या तवा जाताना त्यायनं मले कटर देलं, ताटल्या देल्या, आणि त्यायच्या तारा घातलेली जी झाडं होती ती आधी सगळी मोकळी करूनच गेल्या. टॅक्सी खाली उभी, नवरा हाका मारून राह्यला, आणि या वर बसून तारा कापून राह्यल्या. म्हणे माह्या तारा तुह्या गळ्यात टाकून कशी जाऊ.

मंग मी घरच्या स्लाबवर सुरू केलं. गल्लीतल्या बाया काय काय बोलत. घरात बुटकी झाडं ठुली की पोरं बुटकी राह्यतात म्हणत. सासूबाई घाबरल्या, म्हणाल्या पंचफुले, वैशूले वर जाऊ देऊ नोको. आणि तुम्ही तर पाह्यलंच आहे वैशालीले, सहावीतच माह्या डोक्याच्या वर गेली, दारातून वाकून यायची. मिस्त्री म्हणत आता हिलेच तार गुंडाळ, नाहीतर नवरा भेटायचा नाही. मंग त्याच बाया आपल्या पोरायले घेऊन येत, म्हणत याले जरा तुह्या झाडाजवळ बसव, उंच होते का पाहू. काय सांगू तुम्हाले, लोकायचं काही खरं नाही.

आता पिंपळाचं सांगते. मिस्त्रीच्या दुकानाच्या भिंतीत, पन्हाळाच्या खाली एक पिंपळ उगवला होता. घरमालक म्हणे उपटा, भिंत फुटेल. आमचे लोक पिंपळ उपटत नाहीत, बाई, तुम्हाले माहीतच आहे, विहारासमोर जो आहे त्याले आम्ही हात जोडतो. मिस्त्री मले म्हणाले तू पाह्य काय करायचं ते. मी छिन्नी घेतली आणि दिवसभर बसून विटा कोरल्या, मुळं जशीच्या तशी सोडवली. भिंतीत राहून राहून त्याचं बूड चपटं झालं होतं, विटेसारखं. ते मी ताटलीत लावलं. वैशाली तवा तिसरीत होती. तवापासून आजपर्यंत त्या झाडावर माह्याशिवाय कोणाचा हात नाही. फांद्या किती आल्या, किती मी ठुल्या, किती काढल्या. एकच गोष्ट त्याले नव्हती, खालची फांदी. वरच्या फांद्या छान, पण खाली एका बाजूनं रिकामं, जसं माणूस एकच हात पसरून उभा आहे. मी वाट पाह्यली. किती वर्षं पाह्यली. आणि एका वर्षी तिथून, अगदी पाह्यजे तिथून, नवीन कोंबाचा डोळा फुटला. मिस्त्रीले मी दुकानातून बोलावून आणलं पाहाले. ते म्हणाले पंचफुले, मले वाटलं घराले आग लागली.

आणि आता निर्मला. माह्या धाकट्या दिराची बायको, वरवट बकाल गावची. दीर एसटीत कंडक्टर, त्याची ड्युटी कधी इकडे कधी तिकडे. घर एकच, खाली ते, वर आम्ही. निर्मला लग्न होऊन आली तवा अगदी कोवळी पोट्टी, माय लहानपणीच गेलेली. मी तिले भाकर थापायची शिकवली, लुगडं सोडून साडी कशी चापूनचोपून नेसायची ते शिकवलं, आणि झाडं शिकवली. मले अक्का म्हणते. खोटं काऊन बोलू, तिचा हात माह्यापेक्षा चांगला आहे. जाड तार तिच्यासारखी मले येत नाही. तिनं गुंडाळलेली तार पाहाले एकदम सारखी, जशी मशीननं घातली. लोक माह्याकडे येत, पंचफुलाबाईची झाडं म्हणत, आणि त्यातली अर्धी तिनं केलेली असत. मी सांगायची, हे निर्मलानं केलं. ते हाव हाव म्हणत आणि खाली उतरताना तिलेच म्हणत, चांगलं आहे बाई, अक्काचं पाहून शिकली. हे मी ऐकलं आहे. तिनंही ऐकलं आहे. पण तिनं कधी तोंडातून काढलं नाही आणि मलेही वाटलं, घरातच तर आहे, माहं काय तिचं काय.

दोन वर्षांमागं चैत्रात खालच्या फांदीले मी पहिल्यांदा तार घातली. तीन-चार वर्षं तिले जाड होऊ देलं होतं, आता ती वर वर जाऊन राह्यली होती, तिले आडवी आणायची होती. मिस्त्रीनं मले खास तार भाजून देली. दुपारभर बसली मी. वाकवताना एकदा चर्र झालं, तशी मी थांबली, तार जरा सैल केली, मंग पुन्हा हळूच. शेवटी बसली फांदी जागेवर. निर्मला शेजारी उभी होती, म्हणाली अक्का, आता झालं हो हे झाड.

आणि मंग पुण्याहून वैशालीचा फोन. तिले दिवस गेले होते, आणि डॉक्टरनं सांगतलं पलंगावरून उतरायचं नाही. सासू नाही तिले. मी दुसऱ्याच दिवशी निघाली. निघताना निर्मलाले वर नेलं. म्हटलं पाह्य, डॉक्टरीण बाईचा नियम मी कधी मोडला नाही, पण आता मोडते. ही तार तू काढ. डवरे सुरू झाले की काढ, एक दिवस थांबू नोको. या आट्याजवळ फांदी तडकली आहे, इथं जपून. तिनं बोट ठेवून पाह्यलं. म्हणाली अक्का, तुम्ही जा, पोट्टीले सांभाळा, माह्यावर भरोसा ठेवा. मी तिच्या हातात कटर देलं. डॉक्टरीण बाईचं कटर, बाई. ते मी मिस्त्रीलेही देत नाही, ते त्यानं मोटरीची तार तोडतात.

पुण्यात मी पोरीजवळ बसली राहे आणि खिडकीतून पाऊस पाहे. जीव अर्धा इकडे. पेरण्या झाल्या का म्हणून मिस्त्रीले इचारायची, ते म्हणत तू काय सोयाबीन पेरलं काय बे तिकडून, एवढी फिकर करून राह्यली. डवरे सुरू झाल्याचं समजलं तवा निर्मलाले फोन केला. तार काढली का? हाव अक्का, काढली, कालच. फांदी राह्यली का जागेवर? जरा वर आली, पण राह्यली. वळ तर नाही ना पडला? नाही अक्का, एकदम साफ. पुन्हा आठ दिवसांनी फोन केला तरी तेच. मी म्हटलं मले फोटो धाड. तिनं धाडला. पिंपळ होता, तार नव्हती, फांदी वर गेलेली होती. मी म्हटलं चला, तार काढली की फांदी थोडी वर येतेच, पुढच्या वर्षी पुन्हा घालू.

वैशालीनं पडल्या पडल्या फोटो पाह्यला. म्हणाली आई, मागचा डोंगर पिवळा काऊन आहे? पावसाळ्यात तर आपल्या इकडे हिरवागार असते. मी म्हटलं फोनचा रंग असेल बाई तुह्या. ती म्हणाली फोनचा रंग असता तर सगळंच पिवळं दिसलं असतं ना, पिंपळ तर हिरवा आहे. मी म्हटलं तू झोप. काय सांगू तुम्हाले, आपलं माणूस खोटं बोलून राह्यलं असं मनातच येत नाही. त्या क्षणी तो डोंगर मी पाह्यला आणि मले तो दिसला नाही, असं म्हणा.

नात झाली. सव्वा महिना झाला, पोरीची पुण्यातली चुलत नणंद मदतीले आली, तवा मी घरी निघाली. सांगतलं होतं सगळ्यायले. बसमधून उतरली, मिस्त्री घ्यायले आले होते, लय बोलून राह्यले होते, नातीचं नाक कसं, रंग कसा, आणि मधेच म्हणे तुले एक गोष्ट सांगायची आहे पण घरी गेल्यावर. मले वाटलं म्हातारा नातीसाठी काही आणून बसला. घरी आली, पाय धुतले आणि पह्यले वर गेली.

झाड जागेवर होतं. पण खालच्या फांदीले बुडाशी गोणपाटाची पट्टी गुंडाळलेली, वरून चिखल लिंपलेला, त्याच्यावर शेवाळ बसवलेलं. निर्मला माह्या मागं जिना चढून आली. म्हणाली अक्का, ऊन लागलं होतं तिले, म्हणून ओलं बांधून ठुलं. भादव्यात ऊन लागते, मी म्हटलं, पण त्याले गोणपाट कायले? आणि मी सोडाले बसली. ती म्हणाली राहू द्या अक्का, आताच आल्या तुम्ही, चहा घ्या. मी सोडलं. चिखल पडला. खाली तार होती. माहीच तार, बाई. जिथं मी आटा सैल केला होता तो आटा तेवढा दिसत होता, बाकीचे सालीत गेले होते. वरून साल अशी चढून आली होती की काही ठिकाणी तार दिसतच नव्हती, नुसती भेग, आणि भेगेतून पांढरा चीक वाळलेला. फांदी तारेच्या पुढं फुगलेली आणि मागं बारीक. शेंड्याची पानं लहान झालेली, पिवळी.

खाली मिस्त्री होते, ते हाक मारून म्हणाले, पाह्यलं का, सांगितलं का तिनं, पह्यला नंबर आला आपल्या पिंपळाले!

मंग सगळं समजलं. इथं फुलझाडांची हौस असलेल्या लोकायनं हॉलमध्ये प्रदर्शन ठुलं होतं, पुण्याहून परीक्षक येणार होता. निर्मलानं पिंपळ देला. तार काढली असती तर फांदी वर आली असती, झाड तितकं शोभलं नसतं, म्हणून प्रदर्शन होईपर्यंत तार राहू देली. परीक्षकाले दिसू नये म्हणून वरून शेवाळ लावलं. आणि प्रदर्शन पावसानं पुढं ढकललं, मंग आणखी पुढं, आणि ती थांबली; तवर तार सालीत गेली होती. फोटो आदल्या उन्हाळ्यातला धाडला, तार घालायच्या आधीचा. आणि पिंपळ हॉलवर कोणी नेला? मिस्त्रीनं. आपल्या मांडीवर धरून, रिक्षात बसून.

मी म्हटलं तुमाले मालूम होतं तार काढली नाही म्हणून? म्हणे मले झाडातलं काय समजते. मी म्हटलं माही तार तुम्हीच भाजून देली होती ना, ती झाडावर आहे का नाही हे आंधळ्यालेही समजते. मंग म्हणाले, ती म्हणाली अक्काले सांगू नोका, आल्यावर खूश होतील. मले वाटलं तुले आनंद होईन. मी म्हटलं नाव कोणाचं लागलं? ते इकडे पाह्यत, तिकडे पाह्यत. म्हणे आता तू तर इथं नव्हती, जी होती तिचंच लागणार ना. मी इतक्या येळा फोनवर त्यायले इचारलं होतं बाई, माहं झाड कसं आहे. दर येळी म्हणत, बराबर आहे. एकाच घरात दोघं जणं, एकाच फोनवर, एकामागून एक माह्याशी बोलत होते, आणि दोघंही बराबर आहे म्हणत होते.

निर्मलाले मी खाली जाऊन इचारलं. भांडी घासून राह्यली होती. म्हटलं काऊन केलं हे? आधी रडली. मंग हात धुतले, पदराले पुसले आणि उभी राह्यली माह्यासमोर. म्हणाली अक्का, तुमची पोट्टी पुण्यात आहे, तुमचे मिस्त्री तुमच्या मागं मागं फिरतात, लोक तुमचं नाव घेतात. मले काय आहे? इतकी वर्षं मी अक्काची जाऊ. एका दिवसापुरती माह्या नावाची पाटी लागली तर तुमचं काय कमी झालं?

मी म्हटलं माहं काही कमी झालं नाही. पाटी तू लाव. मले फोन करून म्हटलं असतं की अक्का, हे झाड मले द्या, तर मी झाडच देलं असतं, खरंच सांगते, तुह्या हातानं उचलून देलं असतं. पण तुले मी तार काढ म्हटलं होतं. तू हाव म्हणाली. मंग काढली म्हणाली. मी दर आठ दिवसाले इचारत राह्यली आणि तू दर आठ दिवसाले काढत राह्यली. ती तार तिथं आत आत जाऊन राह्यली होती आणि तू रोज पाणी घालून राह्यली होती त्याले, पाहून राह्यली होती. कसं पाह्यवलं तुले? तू तर माह्यापेक्षा जास्त जाणते.

ती म्हणाली रोज वाटे आज काढावी. मंग वाटे आठच दिवस राह्यले.

हे मात्र खरं बोलली ती. पण मले त्यानं काही वाटलं नाही.

मंग मी तार काढाले बसली. मिस्त्रीनं त्यायचं भिंग देलं, ज्यानं ते बारीक वाइंडिंग पाह्यतात, आणि म्हणाले मी करू का, माहा हात तारेवर बसलेला आहे. मी म्हटलं नोको. जेवढी दिसत होती तेवढी कापली, चिमट्यानं ओढून पाह्यली. जिथं साल चढली होती तिथं ओढली तर सालच निघून येऊन राह्यली होती, चीक वाहाले लागला. तिथं सोडून देली. डॉक्टरीण बाई म्हणत, आत गेलेल्या तारेचा पाठलाग करू नोको, फांदी मरते. तर काही तुकडे आतच आहेत, अजूनही आहेत. मी कापताना निर्मला जिन्यात येऊन बसे. वर येत नव्हती, खालीही जात नव्हती. मी तिले बोलावलं नाही. त्या दिवसांत माह्या मनात एकच, ही फांदी जगते का जाते. शेंडा गेला. वाळून तुटला. मले वाटलं गेली सगळी. मंग दिवाळीच्या आसपास, गोणपाट होतं त्याच्या जरा पुढं, एक डोळा लाल झाला. जगली. पण पाहा तुम्ही, हात लावा, कसे आटे उमटले आहेत तिच्यावर, बोल्टावर असतात तसे. हे आता जाणार नाहीत.

लोक मले म्हणतात एवढं काय धरून बसली, एका फांदीचं ते काय. वैशालीही म्हणते आई, काकूनं तुह्या मागं घर सांभाळलं, बाबाले जेवू घातलं. घातलं ना, मी नाही म्हणत नाही. आमचं बोलणं बंद नाही, बाई. ती दाळ करते तर वाटी वर येते, मी पुरण केलं तर खाली जाते. मिस्त्रीसंग तर मी दुसऱ्याच दिवशी बोलली, त्यायले चहा लागते, न बोलून कसं चालेल. पण पह्यले मी त्यायले बराबर आहे का इचारायची आणि ते बराबर म्हणाले की झोपायची. आता इचारत नाही. स्वतः उठून पाहून येते. गॅस, दार, टाकी, सगळं. ते पाह्यतात मले उठताना.

लोकायच्या झाडायले मी अजून तार घालते. तुमच्या चिंचेले घातली होती, तुमच्यासमोर काढलीही. पण पिंपळाले नाही घातली. मागच्या चैत्रात नाही, या चैत्रातही नाही. आता वैशालीले दुसऱ्यांदा दिवस आहेत, पावसाळ्यात मले पुन्हा जावं लागणार. तार घातली तर ती काढाले कोणीतरी लागते. तार घालणं म्हणजे मी येळेवर येईन असं झाडाले सांगणं आहे, आणि मी नाही आली तर माह्या जागी कोण येईल तेही आधी ठरलेलं पाह्यजे. ते आता माह्यापाशी नाही. म्हणून फांदी आपली वर चालली. जाणकार माणूस पाहील तर म्हणेल झाड बिघडलं. खरंच बिघडलं, मी त्याले चांगलं म्हणत नाही.

मागच्या हप्त्यात निर्मला वर आली कपडे वाळू घालाले. पिंपळाजवळ थांबली. तिचा हात आपोआप त्या फांदीखाली गेला, किती वाकेल ते पाहाले, जसा माहाही जाते. म्हणाली अक्का, अजून नरम आहे, या वर्षी घातली तर येईल खाली. मी म्हटलं राहू दे. ती म्हणाली तुम्ही घाला, तुम्ही सांगाल त्या दिवशी मी काढीन, मिस्त्रीसमोर काढीन, वैशालीले व्हिडिओवर दाखवून काढीन. डोळे भरले होते तिचे. मलेही भरून आलं, मी दगड नाही. पण तोंडातून हाव निघालं नाही, बाई. मी वाट पाह्यली, निघते का. नाही निघालं.

मंग म्हटलं, मी पुण्याले गेली की याले पाणी घालजो. सकाळी एकदा, ऊन चढायच्या आधी. बाकी काही करू नोको.

हाव अक्का, म्हणाली, आणि कपडे पिळाले लागली. तिचं भलं होवो. पाणी ती बराबर घालते.